चढायचं नसेल तरी डोंगरात चला

मनमाडच्या कोणत्याही गच्चीवर उभं राहिलं तरी डोंगर दिसतो. दक्षिणेला अनकाई-टंकाईची जोडी, तिच्या अलीकडे हडबीच्या शेंडीचा उभा सुळका, पश्चिमेला चांदवडकडे गेलेली सातमाळ्याची रांग. परगावचा प्रवासी गाडीच्या खिडकीतून हा सुळका बघून शेजाऱ्याला हलवून दाखवतो. आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म इथला, नोकरी इथली, निवृत्तीही इथलीच, पण या डोंगरांच्या पायथ्याशी ते कधी गेलेले नाहीत. का, म्हणून विचारलं तर उत्तरं ठरलेली आहेत. गुडघे साथ देत नाहीत. ते ट्रेकिंगवाल्या पोरांचं काम. बायकांनी कुठे डोंगर चढत बसायचं. मुलं लहान आहेत, मोठी झाली की बघू.

या सगळ्या उत्तरांमागे एकच समजूत आहे: डोंगरात जायचं म्हणजे डोंगर चढायचा. ही समजूत तेवढी सोडा, एवढंच माझं मागणं आहे. डोंगराला माथा असतो तसा पायथा असतो, दोन डोंगरांच्या मधली खोरी असतात, खोऱ्यात ओढा किंवा तळं असतं आणि तिथून गावकऱ्यांच्या, गुराख्यांच्या रोजच्या वाटा गेलेल्या असतात. डोक्यावर मोळी घेऊन बाई ज्या वाटेने येते ती वाट अवघड नसते. तिने ती पिढ्यानपिढ्या वापरून सोपी करून ठेवलेली असते. बाजारात जाऊन भाजीची पिशवी घेऊन घरी येणारा माणूस या वाटांवर तास-दीड तास आरामात चालू शकतो.

सोपी वाट कशी ओळखायची, तेही आधी सांगते. जिथून कधीही मागे फिरता येतं ती सोपी. जिथे हात टेकावे लागत नाहीत ती सोपी. चालता चालता शेजारच्याशी बोलता येतंय, वाक्य मध्येच तुटत नाही, तोवर तुमचा वेग बरोबर आहे. वाक्य तुटायला लागलं की थांबायचं. डॉक्टरांनी चालायला मना केलेलं नसेल, तर याहून वेगळी परीक्षा लागत नाही.

आता घराजवळूनच सुरुवात करू. हडबीची शेंडी आपण लांबूनच बघायची. ती दोर लावून चढणाऱ्यांची जागा आहे, आणि 2022 च्या जानेवारीत तिथे सरावातल्या गिर्यारोहकांचाही जीव गेला आहे. पोरांनी हट्ट धरला तरी तिथे नाहीच म्हणा. पण येवला रस्त्याने दहाएक किलोमीटरवर अनकाई गाव आहे, तिथे जरूर जा. गावाच्या डोक्यावर डावी-उजवीकडे दोन किल्ले आणि मधोमध खिंड. अनकाई समुद्रसपाटीपासून सुमारे 3200 फूट उंच आहे आणि सबंध जिल्ह्यातला हा सगळ्यात बळकट किल्ला, असं इंग्रजांनी लिहून ठेवलं. या उंचीने घाबरून जाऊ नका, तुम्हाला वरपर्यंत जायचंच नाही.

गावातून पायऱ्यांनी थोडंसं वर गेलं की टंकाईच्या पोटातली जैन लेणी लागतात. साधारण अकराव्या-बाराव्या शतकातली ही लेणी आहेत. पहिल्याच लेण्याच्या दारापुढे जरा वेळ थांबा. चौकटीवर एकात एक पट्ट्या कोरल्या आहेत, खांबाच्या तळाशी छोट्या आकृत्या आहेत आणि आत डोळे अंधाराला सरावले की वर छतात दगडात उमललेलं कमळ दिसतं. पुढच्या लेण्यात हत्तीवर बसलेला इंद्र आणि समोर अंबिका. एवढं बारीक काम बघायला आपण वेरुळापर्यंत जातो आणि आपल्या स्टेशनापासून दहा किलोमीटरवरचं राहून जातं. आजी-आजोबांनी इथे बसावं. सावली आहे, वारा आहे, खाली अख्खं खोरं पसरलेलं आहे आणि त्यातून गाडी जाताना दिसते. ज्यांच्या घरात एखाद्याने तरी रेल्वेत नोकरी केली आहे, आणि मनमाडात असं घर शोधावं लागत नाही, त्यांना इथे वेळ कसा गेला ते कळत नाही.

पायात अजून दम असेल तर लेण्यांच्या वर खिंडीपर्यंत जा. तिथून अनकाईचा दरवाजा दिसतो. इथे मागे फिरलात तरी तुमचं काही राहिलं असं नाही. ज्यांना जमेल त्यांनी दरवाजातून पुढे कातळातल्या पायऱ्या चढून माथ्यावर जावं. तिथे अगस्ती ऋषींचं स्थान आहे, सपाट पठार आहे आणि पठारावर काशी तलाव. इतक्या उंचावर, पाण्यासाठी कोरड्या म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मुलखात, डोंगराने आपल्या डोक्यावर पाणी धरून ठेवलंय. पठारावर पोचलं की पुढचं चालणं सगळं सपाटीचं. पण चढ आहे तो आहे, त्याला सोपा म्हणून मी कोणाला फसवणार नाही. घरातल्या तरुणांनी माथ्यावर जाऊन यावं, तोवर बाकीच्यांनी लेण्यांत बसून भाकरी सोडावी. सगळ्यांनी सगळं केलंच पाहिजे, हा आग्रह सहलींचा घात करतो.

पाण्याचा विषय निघालाच आहे, तर तेच धरून पुढे जाऊ. नळाला पंधरा-पंधरा दिवसांनी पाणी येण्याचे दिवस मनमाडने पाहिले आहेत. घरात मूल जन्मलं की पाळण्याआधी टाकीचा विचार करणारी माणसं आपण. पण हे पाणी कुठून येतं, हे आपल्यातल्या किती मुलांना माहीत आहे? कादवा नदीवर दिंडोरी तालुक्यात पालखेडचं धरण आहे. त्याच्या डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की ते पाणी पाटोद्याच्या साठवण तलावात येतं आणि तिथून वागदर्डीच्या धरणात. वागदर्डी आपल्या उशाशीच आहे. हिवाळ्यातल्या सकाळी मुलांना तिकडे घेऊन जा, पाण्याच्या कडेकडेने जरा चाला, पाणी किती उरलंय ते डोळ्यांनी बघू द्या. काठावर पक्षी असतात. तिथे पोहायचं नाही, गाडी धुवायची नाही, काही टाकायचं नाही. ते आपल्याच माठातलं पाणी आहे.

हीच कादवा खाली निफाड तालुक्यात गोदावरीला मिळते, त्या जागी नांदूरमध्यमेश्वर आहे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्रजांनी तिथे बंधारा बांधला. दोन नद्यांनी आणलेला गाळ त्यात साचत गेला, गाळाची बेटं झाली, पाणवनस्पती माजल्या, मासे आणि किडे वाढले आणि त्यांच्यामागे पक्षी आले. धरणाच्या हिशेबात गाळ म्हणजे तोटा. इथे त्याच गाळातून शंभर चौरस किलोमीटरचं अभयारण्य उभं राहिलं. 2020 मध्ये ते महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ झालं, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत त्याचं नाव गेलं.

चालायला याहून सोपी जागा मला आपल्या जिल्ह्यात माहीत नाही. चापडगावच्या बाजूने आत शिरलं की पाण्याच्या काठाने, झाडांच्या सावलीतून सपाट वाट जाते. चढ नाहीच. वाटेत मनोरे आहेत, पण मनोऱ्यावर चढलं नाही तरी काठावरून पुष्कळ दिसतं. वन विभागाने तयार केलेली गावातली मुलं गाईड म्हणून सोबत येतात, त्यांच्याकडे दुर्बिणी असतात. त्यांना ठरलेले पैसे द्या आणि सोबत घ्याच. आमच्या शेजारच्या काकूंना घेऊन गेलो होतो तेव्हा "मला काय दिसणार" म्हणत त्या मागेच रेंगाळत होत्या. गाईडने तिकाटण्यावरची दुर्बीण त्यांच्या उंचीला आणून दिली. काळ्या अंगाचा, पांढऱ्या कपाळाचा वारकरी पक्षी त्यांना दिसला आणि मग त्या जागच्या हलेनात. दुसऱ्या माणसाने बघायला मागितलं तर "थांबा जरा" म्हणाल्या. तासाभराने त्यांनीच आम्हाला जांभळी पाणकोंबडी शोधून दाखवली. पाय दुखतात ही तक्रार त्या दिवशी कोणी ऐकली नाही.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा इथला काळ. चक्रवाक लडाख-तिबेटकडून येतात, थापट्या आणि तलवार बदकं त्याहून उत्तरेकडून. करकोच्यांचे थवेही उतरतात. सकाळी लवकर पोचा, दहानंतर पक्षी आडोशाला जातात आणि ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं. भडक कपडे नकोत, मोठ्याने हाका नकोत. निफाडपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी करावी लागते. सकाळी निघून दुपारच्या जेवणाला घरी परत येता येतं, त्यामुळे पहिल्यांदा निघणाऱ्या घराने इथूनच सुरुवात केली तरी उत्तम.

आता जरा लांबचं. खऱ्या अर्थाने डोंगर, दऱ्या आणि तळं एका जागी बघायचं तर भंडारदऱ्याला चला. नाशिक-घोटीमार्गे चार तास धरा, आणि एका दिवसात उरकायचा हट्ट न करता रात्र तिथे काढा. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य, 1986 मध्ये जाहीर झालेलं, अकोले तालुक्यात साडेतीनशे चौरस किलोमीटरहून जास्त पसरलेलं. कळसूबाईचं 1646 मीटरचं शिखर, राज्यातलं सगळ्यात उंच, ते याच्याच हद्दीत. रतनगडही इथलाच. सगळी गर्दी या दोन नावांमागे धावते. शनिवारी रात्री कळसूबाईच्या शिड्यांवर रांग लागते, इतकी की वरच्याला उतरता येत नाही आणि खालच्याला चढता येत नाही. खाली तळ्याच्या काठाने गेलेल्या वाटांवर त्याच वेळी गुराखी सोडून कोणी नसतं.

प्रवरा नदीवर शेंडी गावाजवळ विल्सन धरण आहे. 1910 ला काम सुरू झालं, 1926 ला पुरं झालं. त्याच्या मागे पसरलेलं पाणी म्हणजे आर्थर लेक. या तळ्याला वळसा घालून एक रस्ता जातो: एका अंगाने मुरशेत, पांजरे, उडदावणे करत घाटघरला, दुसऱ्या अंगाने मुतखेलवरून रतनवाडीला. बहुतेक लोक हा सबंध वळसा गाडीत बसून एका दमात मारतात, चार ठिकाणी काच खाली करून फोटो काढतात आणि भंडारदरा पाहिलं म्हणून परततात. तुम्ही असं करा: गाडी पुढच्या गावात पाठवून द्या आणि मधले दोन-तीन किलोमीटर चाला. ड्रायव्हरला चहा घेऊ द्या. रस्ता जवळजवळ सपाट आहे, एका हाताला पाणी, दुसऱ्या हाताला भाताची खाचरं आणि त्यांच्या मागे डोंगरांच्या भिंती. गाडीतून जी भिंत एकसंध वाटते तिच्यातल्या घळी, धबधब्यांच्या वाळलेल्या रेघा, मधल्या टप्प्यावरचं जंगल हे सगळं पायी जाणाऱ्यालाच दिसतं. उडदावण्याच्या बाजूला अलंग, मदन आणि कुलंग हे तीन किल्ले समोर येतात. महाराष्ट्रातल्या सगळ्यात अवघड किल्ल्यांत त्यांची गणना होते, आणि खालून ते बघायला एक पायरीही चढावी लागत नाही.

रतनवाडीला पोचलात की आधी अमृतेश्वराच्या देवळात जा. शिलाहार राजा झंझ याने ते बांधलं असं सांगतात. देवळाशेजारी पुष्करणी आहे, चौकोनी, दगडी, आतल्या भिंतींत कोनाडे आणि कोनाड्यांत मूर्ती. तिथे उतरून चारही बाजू सावकाश बघा. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. प्रवरेचा उगम इथेच वर, रतनगडावर. पुढे संगमनेर-श्रीरामपूरची उसाची शेती जिच्यावर उभी आहे ती नदी इथे एका उडीत ओलांडता येते.

माझ्या पसंतीची वाट इथेच सुरू होते. देवळाच्या मागून, गावाच्या कडेने, रतनगडाच्या दिशेला. पहिला तासभर ही वाट प्रवरेचं खोरं सोडत नाही. सुरुवातीला खाचरांचे बांध, एका वेळी एकच माणूस जाईल एवढे रुंद. मग नदी. दगडांवर पाय ठेवून पलीकडे जायचं, थोड्या अंतराने पुन्हा अलीकडे यायचं. दगडावर पाय टाकण्याआधी काठी टाकून तो हलतोय का बघायचं, हिरवट दिसेल त्या दगडाच्या वाटेला जायचं नाही. त्यात पाय ओले झाले तर होऊ द्या. मग झाडी दाट होते. जांभूळ, आंबा, हिरडा, नदीकाठी उंबर. मुळं वाटेवर आडवी आली आहेत, त्यांच्यावर पाय न देता त्यांच्यामध्ये द्यायचा. सावली इतकी गच्च की ऑक्टोबरच्या दुपारीही इथे ऊन जमिनीवर ठिपक्या-ठिपक्यांनीच उतरतं. हिरड्याची फळं गोळा करणं हा इथल्या महादेव कोळी घरांचा जुना व्यवसाय, त्यामुळे वाटेत कोणीतरी भेटतंच. रामराम घाला, पुढची वाट विचारा. फोनला रेंज नसते, या माणसांचा सल्लाच खरा.

वाट नदी सोडून सरळ वर चढू लागते तिथे एखादा मोठा दगड बघून बसा, डबा उघडा आणि परत फिरा. पुढे शिड्या आहेत, त्या ज्यांच्या त्यांना लखलाभ. "इथवर आलोय तर अजून थोडं" हे वाक्य तोंडात आलं की समजा, मागे फिरायची वेळ झाली. एक साधा नियम पाळा: दिवसाउजेडाचा जेवढा वेळ हातात आहे त्याचा अर्धा संपण्याआधीच तोंड फिरवायचं, कुठेही पोचलेले असा. गुडघेदुखीवाल्यांना हे जास्तच लागू आहे, कारण गुडघा चढताना फारसा बोलत नाही, उतरताना बोलतो. हातातली काठी उतरताना थोडा भार घेते.

घाटघरलाही जा. सह्याद्री तिथे एकदम संपतो आणि खाली कोकण दिसतं. कड्यापर्यंतचं चालणं सपाट आणि थोडकं आहे. पण कडा तो कडा, लोखंडी कठडा असो वा नसो, काठापासून दोन माणसांच्या उंचीइतकं अंतर ठेवा. फोटोसाठी पाठमोरं मागे सरकणं तर कोणीच करायचं नाही. साम्रदची सांदण दरी मी या यादीत घेत नाही. तिचं नाव फार झालंय, पण आत दगडांच्या राशींवरून जावं लागतं, मध्ये पाणी साचलेलं असतं, आणि पावसाळ्यात तर ती दरी म्हणजे पाण्याची वाटच आहे. तोंडाशी उभं राहून आत बघा आणि परत या.

कधी जायचं, याबद्दल मी थोडी आग्रही आहे. सगळे जुलै-ऑगस्टमध्ये जातात, धबधब्यांसाठी. त्या दिवसांत आपल्याकडे महिन्याभरात पडतो तेवढा पाऊस घाटघर-रतनवाडीला एका दिवसात पडू शकतो. ज्या नदीबद्दल मी वर सांगितलं, दगडांवर पाय ठेवून ओलांडायची, ती अर्ध्या तासात माणसाला वाहून नेण्याइतकी वाढते. वर कुठे पाऊस झाला ते खाली कळत नाही. म्हणून खोऱ्यातली वाट पावसाळ्यात बंदच समजा. सप्टेंबरच्या शेवटापासून डिसेंबरपर्यंत जा. पाऊस ओसरलेला असतो, ओढे नितळ वाहत असतात, तळं काठोकाठ असतं. सप्टेंबर-ऑक्टोबरात सोनकीने उतार पिवळे झालेले असतात, तेरडा फुललेला असतो, भात पिकायला आलेला असतो. उन्हाळ्यात तळं खाली जातं आणि काठ उघडा पडतो. त्या काठावर वरून तडकलेली माती घट्ट दिसते, खाली ओला गाळ असतो. त्यावर मुलांना पळू देऊ नका. पाण्यात पोहायला तर कुठल्याही महिन्यात उतरू नका, धरणाच्या पाण्यात दोन पावलांवर खोली कशी आहे ते स्थानिकालाही सांगता येत नाही.

मेच्या अखेरीस आणि जूनच्या सुरुवातीला काजवे येतात. तेव्हा गेलातच तर गाडीचे दिवे बंद करा, मोबाईलचा दिवा बंद करा, झाडाखाली जाऊन फांद्या हलवू नका. काजव्याची मादी जमिनीवरच्या ओलाव्यात अंडी घालते, हजारो पाय आणि चाकं त्याच जागेवरून जातात. तिथली गर्दी आता इतकी होते की मला विचाराल तर त्या दिवसांत जाऊच नका. आपल्या अनकाईच्या पायथ्याशीही पहिल्या पावसाआधीच्या काळोख्या रात्री आकाश उत्तम दिसतं.

बायकांसाठी दोन शब्द वेगळे. साडीत चालता येतं. या वाटा तयार करणाऱ्या बायका साडीतच चालतात. पायात मात्र चप्पल नको, मागे पट्टा नसलेली तर मुळीच नको. शाळेतल्या पोरांचे कॅनव्हासचे बूटही चालतील, फक्त नवेकोरे नकोत. अडचण होते ती स्वच्छतागृहाची, आणि त्या भीतीने बायका पाणीच पीत नाहीत, मग डोकं चढतं, पायात गोळे येतात. निघताना शेंडीत जिथे चहा-नाश्ता घ्याल तिथली सोय वापरा, रतनवाडीत ज्यांच्याकडे जेवण सांगाल त्यांना मोकळेपणाने विचारा. पाणी पुरेसं प्या. भिशीच्या किंवा बचत गटाच्या पाच-सहाजणींनी मिळून निघावं, गाडी परवडते आणि घरचेही अडवत नाहीत. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना प्रवास फुकट, पासष्ट ते पंचाहत्तर अर्धं. या सवलतींवर लग्नकार्यं आणि देवदर्शनं होतात, तशी एखादी पायवाटही व्हावी.

पाठपिशवीत फार काही लागत नाही. माणशी दोन लिटर पाणी, उन्हाळा लागला असेल तर तीन. भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे, लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. टोपी. रोजच्या गोळ्या, त्याही दोन दिवसांच्या जादा, कारण गाडी बंद पडली तर तिथे औषधाचं दुकान हाताशी नाही. साप दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. चावला तर बांधाबांधी, चिरणं, चोखणं काही नको. माणसाला हलू न देता 108 ला फोन लावा किंवा सरळ सरकारी दवाखाना गाठा. कड्यांवर आणि लेण्यांच्या वर आग्या मोहोळं असतात. अत्तर-सेंट मारून जाऊ नका, खाली चूल किंवा सिगारेट पेटवू नका, ओरडू नका. मोहोळ उठलं तर सोपी वाटही सोपी राहत नाही.

आणखी एक बोलायचं आहे, जरा कडक. भंडारदरा भरतं तेव्हा बातम्या येतात, पण त्याच धरणाच्या वरच्या अंगाच्या कित्येक वाड्यांतल्या बायका उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट करतात. पाणी डोळ्यांसमोर, आणि घरात नाही. मनमाडच्या माणसाला हे दुःख समजावून सांगावं लागू नये. तेव्हा त्यांच्याकडे मुक्काम केलात तर आंघोळीला बादल्यांवर बादल्या मागू नका. पुष्करणीत हात-पाय धुवू नका. जेवण गावातच घ्या: नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, तिथलाच तांदूळ. घासाघीस करू नका. नाक्यावर प्रवेशाची पावती फाडतात ती मुकाट फाडा. स्पीकर घरी ठेवा. आणि दारूच्या बाटल्या घेऊन जाणारे असतील तर त्यांच्यासोबत जाऊच नका. खाचराच्या चिखलात फुटलेली बाटली भातलावणीच्या दिवसांत अनवाणी बाईच्या पायात जाते. तिला दवाखाना किती लांब आहे ते तुम्ही नुकतेच चालून आलेले असता.

वन विभागाकडे आणि आपल्या लोकप्रतिनिधींकडेही माझी मागणी आहे. इंग्लंडमधल्या लेक डिस्ट्रिक्ट या डोंगरी राष्ट्रीय उद्यानात काही वाटा मुद्दाम अशा आखल्या आहेत की चाकाच्या खुर्चीवरचा माणूस आणि बाबागाडीतलं मूलही तळ्याकाठाने जाऊ शकतं. कोणती वाट कोणाला झेपेल हे आधीच सांगितलेलं असतं. आपल्याकडे सगळा खर्च शिड्या, कठडे आणि सेल्फीच्या चौथऱ्यांवर होतो. चापडगावची काठावरची वाट आजही अर्धीअधिक अशीच आहे, थोडी डागडुजी केली तर अपंग माणसाला तिथून नेता येईल. वाटेच्या तोंडाशी मराठीत एक पाटी हवी: किती लांब, किती चढ, किती वेळ, पाणी कुठे, मागे कुठून फिरायचं. मध्ये मध्ये बसायला दगडी कट्टा हवा. स्वच्छतागृह हवं आणि त्यात पाणी हवं. यातलं काहीही खर्चिक नाही, पण मागणारे लोक हवेत, आणि जे लोक वाटेवर कधी जातच नाहीत ते मागत नाहीत.

मनमाडच्या शाळांनी सहलीला वॉटर पार्क गाठण्याआधी एक सकाळ अनकाईच्या लेण्यांना द्यावी. ज्येष्ठ नागरिक संघांनी हिवाळ्यात एक बस नांदूरमध्यमेश्वरला काढावी. आणि ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या घराने बेत ठरवताना त्याला शेवटी कळवू नये, आधी विचारावं: आजी, तुम्हाला कुठला वार सोयीचा? त्यांनी नको म्हटलं तर एकदा अजून विचारा. पहिला नकार बहुतेक वेळा तुमच्या खर्चाच्या काळजीने आलेला असतो.